घर सजवा घरच्या घरी: कामट्या, गेरू, खण आणि फेविकॉल

हे पत्रक आम्ही सामानासोबत पिशवीत टाकतो, कारण काउंटरवर गर्दी असली की सगळं सांगणं होत नाही आणि मग आठवड्यानं कोणीतरी येऊन म्हणतं, दादा चिकटलंच नाही, नाहीतर काकू येऊन सांगतात की कुंडीचा रंग पोपडे धरून निघाला. सामान बहुतेक वेळा बरोबरच असतं, पण कशावर काय लावायचं आणि किती वेळ वाळू द्यायचं तिथे गडबड होते. म्हणून आधी वाचा, मग पिशवी उघडा. आणि यातलं निम्मं सामान तुमच्या माळ्यावर पडलेलं असणार, ते आमच्याकडून परत विकत घेऊ नका, जुना पुठ्ठा, मिठाईचे बॉक्स, सुतळीची गुंडी, पेंटर सोडून गेलेला अर्धा डबा, सगळं चालतं.

आधी गोंदाचं बघू

फेविकॉल म्हणजे पाण्यातला गोंद. त्यातलं पाणी निघून गेलं की तो पकड धरतो, म्हणजे दोन वस्तूंपैकी एक तरी पाणी शोषणारी पाहिजे, लाकूड, पुठ्ठा, कापड, सुतळी, मातीचं भांडं, एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड). काचेच्या बरणीवर प्लास्टिकचं फूल लावायला गेलात तर पाण्याला जायला वाटच मिळत नाही, कडेनं वाळल्यासारखं दिसतं आणि आत दोन दिवसांनीही पांढरं ओलं असतं. तिथे रबरी गोंद घ्या, दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा, हाताला चिकट लागेल पण बोटाला येणार नाही इतकं झालं की मगच दाबा. याचा वास डोक्यात जातो आणि तो पेट घेणारा असतो, त्यामुळे खिडकी उघडी, गॅस बंद, उदबत्ती पण नको.

ग्लू गन सगळ्यांना आवडते कारण लगेच चिकटतं. पण ती कांडी गरम करून वितळवलेली असते, मग परत गरम झाली की परत मऊ पडणारच ना, पश्चिमेच्या खिडकीत दुपारच्या उन्हात लटकवलेली तोरणं गळून पडतात ती यामुळेच. पणतीजवळ, बल्बजवळ ग्लू गनचं काम नको. आणि मुलांच्या हातात देताना तुम्ही शेजारी बसा, तो गोंद बोटावर पडला तर चटकन निघत नाही, कातडी भाजते.

वाळायचा वेळ: फेविकॉल तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण वजन टाकायचं असेल तर रात्रभर ठेवा, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट धरा. श्रावणात गौरी-गणपतीची घाई असते हे आम्हाला माहितीये, म्हणूनच म्हणतो की पुठ्ठ्याचं मखर आदल्या रात्री करायला घेऊ नका. थर्माकोल मागू नका, २०१८ साली राज्य सरकारनं प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली तेव्हापासून आम्ही ठेवत नाही, आणि खरं सांगायचं तर खोक्याचा तिपदरी-पाचपदरी पुठ्ठा त्याच्यापेक्षा दणकट होतो, फक्त पदराच्या नळ्या उभ्या येतील असा कापायचा, आडव्या आल्या की खांब कमरेत मोडतो.

आकाशकंदील (हे सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून सविस्तर)

जुन्या पद्धतीचा कंदील, ज्याला चौकोन आणि त्रिकोण दोन्ही असतात, तो दिसायला अवघड आहे पण त्याचा हिशोब एकदम सोपा आहे. सहा चौकोन. बस. प्रत्येक चौकोनाला चार काड्या, म्हणजे सारख्या लांबीच्या २४ कामट्या, बांबूच्या बारीक पट्ट्या. त्रिकोण वेगळे करावे लागत नाहीत, सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा बांधले की मधल्या जागेत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात.

कामट्या आम्ही बुरूड आळीतून आणतो, नऊ इंची कापूनच देतो. नऊ इंची काड्यांचा कंदील साधारण पावणेतेरा इंच उंच होतो, बाल्कनीला बरोबर बसतो. मोठा हवा असेल तर हव्या त्या उंचीला १.४ नं भागा, तेवढी काडीची लांबी. आधी काड्यांवरून पॉलिश पेपर फिरवा, कारण बांबूची बारीक कूस बोटात गेली की दिवसभर सलत राहते. चार काड्यांची टोकं एकमेकांवर ठेवून जाड दोऱ्यानं फुलीसारखे वेढे द्या, गाठ मारा, गाठीवर फेविकॉलचा थेंब. असे सहा चौकोन करून ठेवा आणि चहा घ्या, तेवढ्यात गाठी धरतात.

आता चार चौकोन टोकावर उभे धरायचे, पत्त्यांमधल्या चौकटसारखे, आणि त्यांचे डावे-उजवे कोपरे एकमेकांना बांधून गोल करायचा. इथे एकट्यानं होत नाही, घरात जो रिकामा बसलाय त्याला पकडा. मग वरचे चार कोपरे पाचव्या चौकोनाला आणि खालचे चार सहाव्याला. एकूण बारा ठिकाणी बांधायचंय. बांधून झालं की सांगाडा डुगडुगतो, एका बाजूला कलतो, लोक घाबरून सगळं सोडतात आणि परत बांधतात, तसं करू नका, तो असाच असतो, त्याला ताठपणा कागदानं येतो. फार हलत असेल तर वरच्या आणि खालच्या चौकोनात एकेक कामटी तिरकी बांधा, वरच्या कामटीला बल्बचा होल्डर अडकवायलाही बरं.

कागद पतंगाचा घ्या. बाजूच्या चार चौकोनांना दहा इंचाचे तुकडे, म्हणजे चहूबाजूंनी अर्धा इंच दुमडायला मिळतो, आणि आठ त्रिकोणांना दुसऱ्या रंगाचे, नऊ इंचाच्या बाजू अधिक तोच अर्धा इंच. वरचा चौकोन उघडा, गरम हवा जायला हवी. खालचाही उघडाच, तिथून झिरमिळ्या सोडायच्या. चिकटवायला खळ सगळ्यात छान, फेविकॉलनं पतंगाचा कागद सुरकुततो. एक कप पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर ढवळत रहा, पांढरा रंग जाऊन काचेसारखं दिसायला लागलं की उतरवा. जुने लोक खळीला किडा-मुंगी लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायचे, तो विषारी आहे, लहान मुलं असतील तर अजिबात नको, दिवाळीचे आठ-दहा दिवस साधी खळ टिकते.

आधी त्रिकोण लावा मग चौकोन, म्हणजे चौकोनांच्या कडा वर येतात आणि दिसायला साफ दिसतं. एक काडी लावून झाली की समोरची, मग बाजूच्या दोन, कागद हलका ताणत. सैल पडलाच तर वाळल्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा, कागद आवळतो, पण सांभाळून, पतंगाच्या कागदाचा रंग ओला झाला की सुटतो आणि लाल असेल तर हाताला, फरशीला, भिंतीला सगळीकडे. याच कारणासाठी परतीचा पाऊस असेल तर कंदील आत घ्या. आत फक्त एलईडी, पाच वॅटचा पुरे. जुने पिवळे बल्ब चांगलेच तापतात, कागदाच्या कंदिलात नकोच.

गेरूच्या कुंड्या, तुळशीवृंदावन

नुसता गेरू पाण्यात कालवून लावला तर सुरेख दिसतो पण साडीला लागतो, हाताला लागतो, पहिल्या पावसात वाहून जातो. दर सणाला नव्यानं सारवायची सवय असेल तर तसाच लावा, त्याची मजा वेगळी आहे. टिकाऊ हवा असेल तर एक वाटी गेरूला दोन चमचे फेविकॉल आणि पातळ ताकाइतकं पाणी, दोन हात, मध्ये पूर्ण वाळवून. कुंडी नवी असेल तर आधी ओल्या फडक्यानं धूळ पुसून उन्हात एक दिवस ठेवा.

पोपडे का येतात तर माती पाणी पिते. आत झाडाला घातलेलं पाणी कुंडीच्या भिंतीतून बाहेर यायला बघतं, येताना क्षार घेऊन येतं आणि रंगाला मागून ढकलतं, ऑइलपेंट असेल तर फुगाच येतो. त्यामुळे रंगवलेल्या मातीच्या कुंडीत थेट झाड लावू नका, आत प्लास्टिकची कुंडी ठेवा. नाहीतर गेरूच ठेवा, तो श्वास घेतो, पोपडा धरत नाही, फिका पडला की परत हात मारायचा.

गेरूवर पांढरी नक्षी म्हटलं की सगळे वारली म्हणतात. ही पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागातली चित्रं, सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्यानं काढलेली. लग्नाच्या वेळी सवाशिणी जो चौक काढतात, ज्यात पालघट देवी असते, तो पूजेचा भाग आहे. तो पायपुसण्यावर, कोस्टरवर काढू नका एवढीच आमची विनंती, बाकी झाडं, पक्षी, तारपा (फुंकून वाजवायचं लांब वाद्य) वाजवणारा आणि त्याच्या भोवतीचं नाचणाऱ्यांचं वेटोळं खुशाल काढा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं शोधून बघा, रेषा किती बारीक आणि माणसं किती हलती आहेत ते कळेल, मग कॉपी करायची घाई होणार नाही.

माणूस काढायची रीत: दोन त्रिकोण टोकाला टोक, वर गोल डोकं, बारीक हातपाय. पांढऱ्यासाठी अॅक्रेलिक घ्या, पोस्टर कलर पाणी लागलं की विरघळतो. ब्रश शून्य नंबर किंवा सरळ टूथपिक. वेटोळ्याला आधी खडूनं गोल आखून घ्या नाहीतर शेवटच्या माणसाला जागा उरत नाही.

खणाची फ्रेम

खण मूळचा गुळेदगुड्डचा, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला, पण आपल्याकडे चोळीमुळे घराघरात. पन्हा कमी असतो म्हणून मोठ्या उशीला जोड द्यावा लागतो, फ्रेमला मात्र पाव मीटर भरपूर. आईची जुनी चोळी, फाटलेल्या इरकलीचा काठ असेल तर तेच वापरा, नवीन घेऊ नका.

कापडाला इस्त्री करा. गोंद कापडाला लावायचा नाही, कप्पा बोर्डाला, म्हणजे जाड कडक पुठ्ठ्याला लावायचा, तोही जुन्या एटीएम कार्डानं ओढून अगदी पातळ, आणि दोन मिनिटं थांबायचं. जाड लावला की तो विणीतून वर येतो आणि तिथे कायमचा काळपट डाग. कापड बोर्डापेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठं, कोपरे तिरके कापून मागे दुमडायचे. काठाची नक्षी सरळ आहे का ते चिकटवण्याआधी पट्टी लावून बघा, खणाच्या बारीक डिझाइनला एका दोऱ्याचा तिरकेपणा पण लगेच दिसतो. वर काय लावायचं, पितळी नथ, आरसे, लाकडी अक्षरं, ते तुमच्या आवडीवर, आमचं मत विचाराल तर एकच वस्तू लावा, खण स्वतःच भरलेला असतो.

बाटल्या

यात फार काही नाही. लेबल गरम पाण्यात सोडा टाकून भिजवा, राहिलेला चिकटा खोबरेल तेलानं, मग साबणानं तेल पूर्ण काढा. काच गुळगुळीत असल्यामुळे अॅक्रेलिक नखानं निघतो, म्हणून आधी प्रायमरचा हात. सुतळी गुंडाळायची असेल तर तळापासून सुरू करा, दर दोन-तीन वेढ्यांना थोडा फेविकॉल, आणि सुतळीची कूस आवडत नसेल तर शेवटी पातळ फेविकॉलचा एक हात वरून.

भिंतीवर लावताना

भाड्याचं घर असेल तर चिकट हुक लावण्याआधी भिंतीवर काय आहे ते बघा. टाइल्स, काच, लाकडी दारावर हुक धरतो. डिस्टेंपरवर धरत नाही, आणि धरलाच तर काढताना रंगाचा तुकडा घेऊन येतो, मग डिपॉझिटचं मालकाशी तुम्हीच बोला. खिळा मारायचा असेल तर स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ आडव्या रेषेत कधीच नको, वायरिंग बहुतेक तिथूनच गेलेलं असतं.

चार-पाच फ्रेम एकत्र लावायच्या तर वर्तमानपत्र फ्रेमच्या मापाचं कापून मास्किंग टेपनं भिंतीवर लावा, दोन दिवस येता-जाता बघा, हलवा, पटलं की कागदावरूनच खिळा. फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर असं सांगतात, ते उभ्यानं बघायला ठीक. ज्यांच्याकडे खाली गादी-तक्क्याची बैठक आहे त्यांनी फूटभर तरी खाली घ्या, बसलेल्या माणसाला मान वर करून बघावं लागू नये.

दुकानात येताना माप लिहून आणा, आणि रंग जुळवायचा असेल तर मोबाइलचा फोटो नको, पडद्याचा, उशीचा तुकडा किंवा ती कुंडीच घेऊन या, फोटोत प्रत्येकाचा गेरू वेगळा दिसतो. कामट्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात संपतात, नऊ इंचापेक्षा वेगळी लांबी हवी असेल तर दसऱ्यापर्यंत सांगून ठेवा.