आयपीए: उन्हाच्या देशाची म्हणवणारी, उन्हालाच भिणारी बिअर

मे 1818 मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला. लष्कर, सदर बझार ही वस्त्यांची नावं इथल्या छावणीची आठवण अजून देतात. रेल्वे आली 1860 साली. तोवर मुंबई बंदरावरचा माल इथवर बैलगाडीनेच यायचा. अशाच छावण्यांतल्या गोऱ्या साहेबांसाठी जी फिकी, कडू बिअर विलायतेहून येई, तीच पुढे इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए झाली.

लंडनच्या हॉजसन या बिअर बनवणाऱ्याने खास हिंदुस्थानच्या प्रवासासाठी ती शोधली, ही लोकप्रिय गोष्ट मात्र फारशी खरी नाही. पोर्टर नावाची काळी बिअरसुद्धा जहाजाने येत होती आणि टिकतही होती. हॉजसनची भट्टी गोदीच्या जवळ होती आणि तो जहाजांच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी देई. खरी मेख ही! त्याची मुरवायची फिकी बिअर आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिने पिंपात हेलकावे खात आली आणि त्यातच छान मुरली. 1822 नंतर इंग्लंडमधल्या बर्टन गावचा ऑलसॉप या धंद्यात उतरला. तिथल्या जिप्समयुक्त पाण्यात हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, कडूपणा जास्त स्वच्छ उतरतो, त्यामुळे हॉजसन मागे पडला.

आजची क्राफ्ट, म्हणजे छोट्या भट्ट्यांची, आयपीए या घराण्याची असली तरी वळण अमेरिकेचं. 1970च्या दशकात तिथे कॅस्केड जातीचे हॉप्स आले आणि बिअरला पपनसासारखा वास आला. हा वास उडून जाणाऱ्या तेलांचा. उष्णतेने तो आणखी लवकर मरतो. जुनी बिअर मुरायची, ही शिळी होते. चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात दुकानाबाहेर ताटकळलेल्या खोक्यातली बाटली म्हणून जोखमीचीच.

त्यामुळे पारखताना ब्रँडच्या आधी बाटलीवरची तारीख बघावी. ग्लासात ओतून पहिल्यांदा वास घ्यावा. पपनस, आंबा, पाइनचं झाड यांच्याऐवजी ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, किंवा नुसता मधासारखा गोडसरपणा जाणवला, तर बिअर गेली. कडूपणा मात्र शिल्लक राहतो, त्यामुळे नुसतं ‘कडक आहे’ म्हणून तिला पास करू नये. चांगल्या आयपीएत कडूपणा घोटानंतर रेंगाळतो, पण घसा खरवडत नाही. आणि शेंगा चटणी पहिले दोन घोट होईपर्यंत लांबच ठेवावी. तिखटाने जीभ भाजली की चव नीट पारखता येत नाही आणि दोष बिअरच्या माथी बसतो.