'इंडियन' म्हणजे 'देवाची माणसं' नव्हे

अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या 'इंडियन' या नावाची एक व्युत्पत्ती वर्षानुवर्षं फिरते आहे. १४९२ साली आपल्या देशाला फक्त 'हिंदुस्थान' म्हणत, 'इंडिया' हे नाव नव्हतंच. कोलंबसला ती माणसं निष्पाप वाटली आणि त्यानं त्यांना 'इन दियोस', म्हणजे 'देवाची माणसं', म्हटलं. ऐकायला गोड, पण चूक.

आधी व्याकरण पाहा. 'इन दियोस' हे स्पॅनिश नाहीच. 'मध्ये' या अर्थी तिथं 'एन' येतो आणि 'देवाची माणसं' म्हणायचं तर 'खेंते दे दियोस' म्हणावं लागेल.

'इंडिया' तर फारच जुनं. सिंधूचं इराणी भाषांत हिंदू झालं, ग्रीकांनी 'ह' गाळून इंडोस केलं. इ.स.पू. ५व्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सिंधूकडच्या लोकांना 'इंडोइ' म्हणतो; तिथून ते लॅटिनमध्ये गेलं. मार्टिन बेहाइमनं १४९२च्या सुमारास न्यूरेंबर्गला केलेल्या पृथ्वीगोलावरही इंडिया आहे, अमेरिका मात्र नाही.

निर्णायक पुरावा खुद्द कोलंबसचा. फेब्रुवारी १४९३च्या पत्रात तो आपण 'इंडियास'ला पोचल्याचं सांगतो आणि पहिल्या बेटाला तिथले लोक, म्हणजे 'इंडिओस', ग्वानाहानी म्हणतात असं लिहितो. त्या काळी युरोपात 'इंडिया'मध्ये गंगेपलीकडची पूर्वेकडची बेटंही मोडत. आपण तिथंच आहोत, असं त्याला वाटत होतं.

आपल्याकडे रुळलेला 'रेड इंडियन' हा शब्द मात्र आता टाळावा. तो तिथं अपमानास्पद मानतात. नावाहो, चेरोकी, लाकोटा असं त्या त्या समाजाचं नाव लिहिणं सर्वांत अचूक.