सहाव्या वचनाशी थांबणारं स्तोत्र

बेळगाव-खानापूरकडे ख्रिस्ती घरांतल्या प्रार्थनासभेत बायबलातलं स्तोत्र १३७ निघालं की खोली जरा गप्प होते. जेरुसलेम पडल्यावर कैद करून बाबेलला नेलेले, तिथल्या नद्यांकाठी रडत बसलेले यहुदी लोक विचारतात, परक्या मुलखात परमेश्वराचं गीत कसं गाणार? सीमाभागातल्या मराठी माणसाला हे चौथं वचन समजावून सांगावं लागत नाही. वाचणारा मात्र बहुधा सहाव्याशी थांबतो, 'आमेन' होतं आणि चहा येतो. स्तोत्र तर नऊ वचनांचं आहे. नवव्यात बाबेलची तान्ही मुलं धरून खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. माझ्या आजीच्या बायबलात सहाव्या वचनाखाली पेन्सिलीची बारीक रेघ आहे, तिच्यापुढे ती कधी गेली नाही.

अशी रेघ ओढणारी आजी एकटी नव्हे. इसवी सन १४४ च्या सुमारास रोममध्ये मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने अख्खा जुना करारच, म्हणजे बायबलचा येशूआधीचा भाग, बाजूला सारला. त्यातला सूड घेणारा देव येशूचा पिता असूच शकत नाही, असं त्याचं म्हणणं. मंडळीने, म्हणजे चर्चने, ते मानलं नाही, त्यालाच बाहेर काढलं. पण ग्रंथ ठेवला म्हणजे वचनाचं ओझंही आलंच. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने वाट काढली: बाबेलची बाळं म्हणजे मनात नुकते उगवलेले वाईट विचार, ते लहान असतानाच ठेचावेत. युक्ती देखणी आहे, पण मला पटत नाही. तीत खरी बाळं नाहीशी होतात, आणि जेरुसलेमच्या पाडावात ज्यांची स्वतःची लेकरं गेली त्यांचा आक्रोशही. संत ऑगस्टीनची कसोटी जास्त उपयोगी वाटते. ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो काढणाऱ्याला शास्त्र अजून कळलेलं नाही. कॅथलिक मंडळीने १९७१ च्या नित्यप्रार्थनेच्या ग्रंथातून या स्तोत्राची शेवटची तीन वचनं गाळली. ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रं तर पूर्णच.

असं वचन ठेवायचं की गाळायचं, हा प्रश्न मराठीत उशिरा उभा राहिला. गोव्यात फादर स्टीफन्सचं, बायबलची कथा पुराणाच्या रूपात सांगणारं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. पुराण सांगणाऱ्याला काय घ्यायचं, काय सोडायचं हे ठरवता येतं. भाषांतरकाराला ती मोकळीक नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नववं वचन त्यांना चुकवता येणारच नव्हतं.

बेळगावात लंडन मिशन ही ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्था १८२० मध्ये आली. इथेच १८३१ मध्ये जन्मलेल्या आणि १८५४ मध्ये इथेच बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी पुढे नव्या करारावर मराठीत भाष्य लिहिलं. म्हणजे वचन नुसतं पाठ न करता त्याच्याशी बसून झटापट करणं आपल्या गावाला नवं नाही.

कधी अडचणीचं वचन भाषेतच दडतं. नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रात (६:५) 'दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा' असं येतं. आपल्याकडे दास म्हटलं की रामदास आठवतात, कन्नडात पुरंदरदास. शब्द कानाला गोड लागतो. मूळ ग्रीक शब्द मात्र दुसऱ्याच्या मालकीच्या गुलामाचा आहे. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी काटछाट केलेलं बायबल छापलं, त्यातून मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामगिरीतून इस्राएली लोकांच्या सुटकेची कथा काढली आणि हे वचन ठेवलं. वगळणाराही काही सोवळा नसतो.

आमच्या सभेत मराठी आणि कन्नड दोन्ही बायबलं असतात, कारण सुना-जावई दोन्हीकडचे. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने आजीचंच बायबल घेतलं आणि रेघ ओलांडून नऊही वचनं वाचली. कोणी आमेन म्हटलं नाही. मग काकांनी विचारलं, "अगं, पण हे देव म्हणतोय, की देवाला कुणी माणूस म्हणतोय?" ती पुन्हा पहिल्या वचनापासून बोट फिरवत गेली. "आपण बसलो, आपण रडलो... माणसंच बोलतायत की, काका." वहिनींनी कन्नड बायबल उघडून ताडून पाहिलं. तिथेही बोलणारी माणसंच होती, आणि नववं वचनही तसंच.