मेडिक्लेम नसताना रुग्णालयाचे बिल कसे कमी करून घ्यावे : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मिरजेत रुग्णालयांची बिले तपासून देण्याचे काम आम्ही करतो. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक डिस्चार्जच्या दिवशी, हातात बिल आणि बाहेर ताटकळत उभी गाडी अशा अवस्थेत येतात. त्या वेळीही काही ना काही करता येते, परंतु खरी बचत दाखल होतानाच ठरते. बिलिंग काउंटरवर हात जोडून "काहीतरी कमी करा" म्हटले, तर वरचे हजार-दोन हजार सुटतात. हेच बिलातील एखादी ओळ बोटाने दाखवून "हे कशाचे?" असे विचारले, तर उत्तर द्यावेच लागते. हे पत्रक या दुसऱ्या मार्गाविषयी आहे.

दाखल होताना

बऱ्याच खासगी रुग्णालयांत खोलीच्या वर्गाप्रमाणे केवळ खाटेचेच नव्हे, तर शस्त्रक्रियागृह, भूल, डॉक्टरांची भेट आणि तपासण्या यांचेही दर बदलतात, ही गोष्ट नातेवाइकांना सहसा सांगितली जात नाही. तेच डॉक्टर, तीच शस्त्रक्रिया, पण सेमी-प्रायव्हेट खोली घेतल्यामुळे सगळे बिलच वरच्या पट्टीत जाते. पाहुण्यांना बसायला बरे पडेल म्हणून घेतलेली खोली त्यामुळे फार महागात पडते. नियोजित शस्त्रक्रिया असल्यास जनरल वॉर्डचे पॅकेज किती, त्यात किती दिवस धरले आहेत आणि औषधे, इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग) व भूलतज्ज्ञांचे शुल्क आत आहे की बाहेर, हे कागदावर लिहून घ्यावे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. त्या दरपत्रकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढे वाद झाला, तर हा एक फोटो पुष्कळ बोलणे वाचवतो.

त्याच दिवशी आणखी एक चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती. २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली असून, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण त्यात आहे. मेडिक्लेम नाही म्हणजे काहीच नाही, असे समजून लोक रोख भरत राहतात आणि आरोग्यमित्राचे, म्हणजे या योजनेच्या रुग्णालयातील प्रतिनिधीचे, टेबल त्याच इमारतीच्या तळमजल्यावर असते! रुग्णालय योजनेत आहे का आणि आपला आजार यादीत बसतो का, हे मात्र उपचार सुरू होण्यापूर्वी विचारावे. बिल भरून झाल्यावर योजनेचा उपयोग होत नाही.

बिल ओळीओळीने वाचणे

दर दोन दिवसांनी अंतरिम बिल मागावे. अंतिम बिल केवळ एकूण रकमेचे न घेता तपशीलवार घ्यावे, आणि त्यासोबत इंडोर केसपेपरची, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदींची, प्रतही मागावी. उपचारांची कागदपत्रे मागणीनंतर ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांच्या आचारसंहितेत आहे. बिल आणि नर्सिंग चार्ट (परिचारिकांनी केलेल्या रोजच्या नोंदी) शेजारी शेजारी ठेवून वाचणे हेच आमच्या कामाचे मर्म आहे.

गेल्या पावसाळ्यात जत तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे १,४२,६०० रुपयांचे बिल आमच्याकडे आले. बिलात अतिदक्षता विभागाचे चार दिवस लावले होते. नर्सिंग चार्टवर मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निळ्या शाईत "वॉर्डात हलवले" अशी स्पष्ट नोंद होती. खाटेच्या दरातील फरक दिवसाला ४,३०० प्रमाणे दोन दिवसांचे ८,६०० आणि मॉनिटरचे दोन दिवसांचे ३,००० रुपये तेथेच निघाले. न वापरलेली इंजेक्शने मुलाने औषध दुकानात परत केली होती आणि परताव्याची पावती त्याच्या खिशात होती, पण ती ३,८४० रुपयांची रक्कम बिलातून वजा झालेली नव्हती. हे १५,४४० रुपये म्हणजे सवलत नव्हेच, दुरुस्ती. त्यानंतर शल्यचिकित्सकांनी स्वतःच्या शुल्कातून ५,००० रुपये सोडले आणि बिल १,२२,१६० वर आले. यात लबाडी होती असे आम्ही म्हणणार नाही. बदललेल्या पाळीत खाटेची नोंद संगणकावर जायची राहून जाते, आणि ते कोणी विचारले नाही तर तसेच राहते.

स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला असल्यास तो बिलात कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांकासह वेगळा दाखवलेला असला पाहिजे. स्टेंटच्या कमाल किमती फेब्रुवारी २०१७ पासून आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून केंद्र सरकारने बांधून दिलेल्या आहेत. पाकिटावरचा स्टिकर केसपेपरला चिकटवलेला असतो, तो बिलाशी ताडून पाहावा.

बोलावे कोणाशी

काउंटरवरील कर्मचाऱ्याला रक्कम कमी करण्याचा अधिकार नसतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. मोठ्या रुग्णालयात प्रशासकीय अधिकारी किंवा वैद्यकीय अधीक्षक यांना लेखी अर्ज द्यावा. तज्ज्ञ डॉक्टरांचे शुल्क हा वेगळा भाग असल्याने त्याविषयी डॉक्टरांशीच बोलावे. लहान नर्सिंग होममध्ये मालक आणि डॉक्टर एकच असल्यामुळे ओपीडी संपल्यावर शांतपणे बोलणे सर्वांत फलदायी ठरते. दर जास्त वाटत असल्यास तुलनेसाठी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे प्रसिद्ध दर दाखवता येतात. ते खासगी रुग्णांसाठी बंधनकारक नाहीत, पण बोलण्याला आधार मिळतो. उरलेली रक्कम हप्त्याने देण्याची तयारी असेल, तर ते आधीच सांगावे. २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, म्हणून "रोख द्या, कमी करतो" हा प्रस्ताव मोठ्या बिलांत मान्य करू नये.

धर्मादाय रुग्णालये

रुग्णालय विश्वस्त संस्थेचे असेल, तर सवलतीची विनंती करण्याची गरज नाही, ती हक्काने मागावी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या आहेत. त्यासाठी बिलांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असल्यास निर्धन आणि ३,६०,००० पर्यंत असल्यास दुर्बल घटक धरले जाते. तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन वैद्यकीय समाजसेवकांना दाखल होतानाच भेटावे. "खाटा भरल्या आहेत" असे उत्तर मिळाल्यास ते लेखी मागावे आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करावी.

बिलाचा वाद मिटला नाही, म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. असे घडल्यास महापालिका हद्दीत आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावे. बिलाच्या रकमेविषयी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर, आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागता येते.

आमच्याकडे येताना तपशीलवार बिल, अंतरिम बिले, औषधांच्या पावत्या व परताव्याच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड आणि मिळाल्यास नर्सिंग चार्ट सोबत आणावा. आमचे शुल्क ठरावीक असून ते आधी सांगितले जाते. कमी झालेल्या रकमेवर आम्ही टक्केवारी घेत नाही, आणि बिल बरोबर असल्यास तसे स्पष्ट सांगतो.