नैसर्गिक संयुगांची जैविक क्रियाशीलता

वनस्पती किंवा बुरशीने तयार केलेल्या रसायनाचा दुसऱ्या सजीवावर, पेशीवर अथवा विकरावर (एन्झाइमवर) होणारा, मोजता येणारा परिणाम. टर्पिने, फ्लॅव्होनॉइडे, अल्कलॉइडे, टॅनिने ही अशा संयुगांची मोठी कुळे. यांतली बहुतेक द्रव्ये सजीवाच्या वाढीला थेट लागत नाहीत. कीड, जंतू आणि शेजारी वनस्पती यांच्याशी झुंजताना ती कामी येतात. मात्रा, द्रावक आणि कोणत्या जीवावर चाचणी घेतली हे सांगितल्याशिवाय ‘अमुक वनस्पती क्रियाशील आहे’ या विधानाला अर्थ नाही.

नागपुरात या विषयाचा सर्वांत सहज मिळणारा नमुना म्हणजे संत्र्याची साल. बाहेरच्या नारिंगी थरातल्या तेलग्रंथींमध्ये सुगंधी तेल असते आणि त्यात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असते. आतल्या पांढऱ्या थरात हेस्पेरिडीन हे फ्लॅव्होनॉइड भरपूर असते. त्यामुळे दोन्ही थर सुरीने वेगळे करूनच काम सुरू करावे. आंबिया बहराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहराची फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उतरतात; नमुन्याच्या चिठ्ठीवर बहर, गाव व तोडणीची तारीख लिहावी. कळमना बाजारातून आणलेल्या फळावर मेणाचा थर आणि त्यासोबत बुरशीनाशक असू शकते. तसे असल्यास बुरशीरोधक चाचणीत दिसणारा परिणाम सालीचा नसून फवाऱ्याचा ठरतो. म्हणून फळ थेट बागेतून घ्यावे आणि शेवटची फवारणी कधी व कशाची झाली ते विचारून घ्यावे.

तेलासाठी ताजी सालच हवी. क्लेव्हेंजर या तेल काढण्याच्या ऊर्ध्वपातन उपकरणात ती पाण्यासह सुमारे ३ तास उकळतात. फ्लॅव्होनॉइडांसाठी साल सावलीत सुकवतात. एप्रिलमध्ये नागपुरात बंद खोलीचेही तापमान ४० अंशांवर जाते, तेव्हा हवा खेळती ठेवावी. पावसाळ्यात उलट साल नीट सुकत नाही व तिच्यावर दुसरीच बुरशी चढते. १० ग्रॅम भुकटी १०० मिलिलिटर ७० टक्के इथेनॉलमध्ये ४८ तास अधूनमधून हलवत ठेवावी, गाळावी आणि कमी दाबाखाली ४० अंशांच्या आसपास द्रावक उडवावा. तेल काठोकाठ भरून, गडद रंगाच्या बाटलीत, थंड जागी ठेवावे. बाटलीत हवा राहिली तर लिमोनीनचे ऑक्सिडीभवन होऊन हायड्रोपेरॉक्साइडे बनतात. ती त्वचेला ॲलर्जी करतात आणि जुन्या तेलाचे निष्कर्षही बदलतात.

जंतूंवरील पहिली चाचणी बहुधा आगर-विवर पद्धतीने होते: म्युलर-हिंटन आगर या जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाचा ४ मिलिमीटर जाड थर, त्यावर ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचे प्रमाणमाप) इतके गढूळ जंतू-निलंबन, अर्कासाठी ६ मिलिमीटरचे विवर, सुमारे ३५ अंशांना १६ ते १८ तास. विवरात जेमतेम ११० मायक्रोलिटर मावतात, म्हणून ५० ते ८० पुरेत. काठोकाठ भरले की अर्क वरून पसरतो. मात्र विवराभोवती जंतू न वाढलेल्या वलयाच्या रुंदीवरून दोन अर्कांची तुलना करू नये. पाण्यात न मिसळणारे तेल आगरमध्ये सरकतच नाही, त्यामुळे प्रभावी तेलाचेही वलय लहान येते. खरी तुलना किमान रोधक मात्रेने, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणाऱ्या सर्वांत कमी मात्रेने, होते. त्यासाठी ९६ विवरांच्या पट्टीत निम्म्यानिम्म्याने विरल द्रावणे करून प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे ५ लाख जंतू ठेवतात. अर्क विरघळवणारा डीएमएसओ हा द्रावक शेवटी १ टक्क्यापेक्षा जास्त नसावा आणि फक्त द्रावकाचे विवर सोबत हवेच. लिमोनीन उडून शेजारच्या विवरात जाते, म्हणून पट्टी चिकटपट्टीने बंद करावी. अर्काचा सामू मोजावा, कारण अनेकदा जंतू नुसत्या आम्लानेच मरतात. कच्च्या अर्काची किमान रोधक मात्रा मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर पुढे जाण्यासारखे काही आहे; १००० च्या वर असेल तर अर्क जवळपास निष्क्रियच समजावा.

साठवणीतल्या संत्र्याला लागणारी हिरवी बुरशी, पेनिसिलियम डिजिटॅटम, विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जखमी सालीतून उडणारी द्रव्ये, त्यांत लिमोनीनही, तिचे बीजाणू रुजायला मदत करतात, तर लिंबूवर्गीय तेलांतलेच सिट्रल तिला रोखते. एकच तेल एका जीवाला विष आणि दुसऱ्याला आमंत्रण ठरू शकते. तोडणीच्या वेळी सालीवर ओरखडाही पडू न देण्यामागे हेही एक कारण आहे.

बुरशींनी दिलेली द्रव्ये अधिक नेमकी असतात. पेनिसिलिन जंतूंच्या पेशीभित्तिकेचे बांधकाम थांबवते. माणसाच्या पेशींना ती भित्तिकाच नसते. ॲस्परजिलस टेरियसपासून मिळणारे लोव्हास्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकराला अडवते. त्याच वंशातील ॲस्परजिलस फ्लेव्हस ओलसर भुईमुगावर कर्करोगकारक अफ्लाटॉक्सिन बनवतो. एका छोट्या अळंबीतील स्ट्रोबिल्युरिन उन्हात टिकत नाही. त्याची रचना बदलून केलेले अझॉक्सिस्ट्रोबिन आज बागायतदार फवारतात.

विदर्भाच्या जंगलांत मिळणारा बिब्बा ही क्रियाशीलतेची धोक्याची बाजू. फळाच्या टरफलातील भिलावनॉले ही तेलकट द्रव्ये त्वचेतील प्रथिनांना चिकटतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना परके मानते आणि बिब्बा उततो: खाज, सूज, फोड. आयुर्वेदिक शोधनात बिब्बे विटेच्या चुऱ्यात घोळून तेल शोषून घेतात, मग कोमट पाण्याने धुतात. हे काम करताना हातमोजे हवेतच, आणि वापरलेला चुराही उघडा टाकू नये, कारण तेल आता त्यातच असते. काजूच्या टरफलाची ॲलर्जी असलेल्यांनी हे काम करू नये. ती द्रव्ये याच जातकुळीची आहेत.