मोतीबिंदूचं स्वस्तातलं मल्टिफोकल भिंग: हे इथवर आलं कसं

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत आता मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की पोरगा पहिले विचारतो, "साधी लेन्स टाकायची का मल्टिफोकल?" (मल्टिफोकल म्हणजे दूरचं आणि जवळचं, दोन्ही दाखवणारी.) आजीला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही, तिला तुरीच्या डाळीतला खडा दिसला पाहिजे बस.

आधी शाळेच्या वर्गखोल्यांत शिबिरं भरायची, डोळ्यातलं पिकलेलं भिंग काढून टाकायचं आणि त्याजागी काहीच बसवायचं नाही, मग माणूस साधारण +१० नंबरचा जाड चष्मा लावून आयुष्य काढायचा. चष्मा वावरात पडून फुटला की पुन्हा चाचपडणं. खरं म्हणजे डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची कल्पना काही नवीन नव्हती, लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्येच ते करून दाखवलं होतं. पण बाहेरून येणारी लेन्स शंभर डॉलरच्या आसपास, ती शिबिरात कोण टाकणार? १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तरी बरीच वर्षं हिशोब ऑपरेशनं किती झाली याचाच होता, दिसतं किती हे नंतरचं.

चित्र पालटलं ते नव्वदच्या दशकात. मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलवाल्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून लेन्स इथंच बनवायला घेतली आणि किंमत दहा डॉलरच्या घरात आणली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या पैशातून सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्रही होता. मग छोट्या छेदाचं बिनटाक्याचं ऑपरेशन आलं, त्याला महागडी फेको मशीन, म्हणजे अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदू फोडून ओढून घेणारी, लागत नाही. नेपाळमधल्या २००७ च्या अभ्यासात दोन्ही पद्धतींचा निकाल जवळपास सारखा निघाला, सहा महिन्यांनी चष्म्यासकट ९८ टक्के लोकांना चांगलं दिसत होतं, आणि खर्च? बिनटाक्याचा सुमारे १५ डॉलर, फेकोचा ७०.

मल्टिफोकल लेन्स ऐंशीच्या दशकातली, अमेरिकेत पहिल्या लेन्सला १९९७ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यावरची वर्तुळं उजेड दूरच्या आणि जवळच्या नजरेत वाटून देतात, म्हणजे एकाच पाण्यावर दोन वावरं ओलित करायची, दोन्हीकडे थोडं कमीच पोचणार. अभ्यासांतही हेच दिसतं: चष्म्याची गरज कमी होते, पण अंधुक उजेडात फिकट-गडद यातला फरक ओळखणं थोडं कमजोर होतं आणि दिव्यांभोवती वलयं दिसतात. शहरातल्या माणसाला हे चालून जातं, पण आपल्याकडं लाइन रात्रीची येते, मोटर चालू करायला बाप्पा टॉर्च घेऊन वावरात जातो, नाहीतर डुकरं हाकायला जागलीवर बसतो, समोरून गाडीचा लाइट आला की डोळ्यापुढं गोल गोल. हे आधी कोणी सांगितलं नसेल तर तो डॉक्टरवरच चिडणार ना!

लेन्स इथंच बनायला लागल्यावर मल्टिफोकलचा भाव उतरला, तपासणीचा मात्र उतरला नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथंच आहे. या लेन्सला डोळ्याचं माप अगदी नेमकं लागतं, शिवाय बुबुळाचा तिरपा (सिलिंडर) नंबर साधारण एकच्या आत पाहिजे. बिनटाक्याच्या ऑपरेशनचा छेद सहा-सात मिलिमीटरचा, त्यानं थोडा तिरपा नंबर स्वतःच तयार होतो. म्हणून स्वस्त ऑपरेशन आणि मल्टिफोकल ही जोडी कागदावर छान दिसते, डोळ्यात नेहमी जमतेच असं नाही. शुगरनं पडदा खराब झालेला असेल किंवा काचबिंदू असेल तर बहुतेक डॉक्टर साधीच टाकतात. पुढं महिन्या-वर्षांनी लेन्समागे जाळी आली, म्हणजे तिथला पातळ पापुद्रा धुरकट झाला, की मल्टिफोकलवाल्याला त्याचा त्रास लवकर जाणवतो, आणि लेसरला पुन्हा जिल्ह्याच्या गावाला जाणं आलं.

मोफतच्या ऑपरेशनात साधारण साधी एकनजरी, म्हणजे एकाच अंतराचं नीट दाखवणारी लेन्सच मिळते. त्यात एक जुनी युक्ती आहे, एक डोळा दूरसाठी ठेवायचा आणि दुसऱ्याला मुद्दाम उणे एक-दीडचा नंबर राहू द्यायचा, म्हणजे मोबाईल, डाळ, कापूस बऱ्यापैकी दिसतं. लेन्सचा जास्तीचा पैसा लागत नाही, माप घेणारं मशीन तेवढं चांगलं पाहिजे आणि ते चालवणारा माणूस घाईत नको.