जागेपासून पुराव्यापर्यंत : विकेंद्रित डेटा साठवणुकीची पार्श्वभूमी

कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नसलेले, जगभरच्या अनोळखी संगणकांवर विखुरलेले साठवणुकीचे जाळे ही कल्पना ब्लॉकचेनबरोबर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून जपलेल्या सामायिक नोंदवहीबरोबर आली असे अनेकांना वाटते. तिचे घटक मात्र बरेच जुने आहेत. काही तुकडे हरवले तरी मूळ माहिती पुन्हा उभी करता येईल अशा रीतीने ती सांकेतिक रूपात मांडण्याची गणिती पद्धत रीड आणि सोलोमन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. स्टॉर्जसारख्या विकेंद्रित साठवणुकीच्या जाळ्यात फाइलच्या प्रत्येक भागाचे अनेक तुकडे करून त्यांपैकी ठरावीक संख्येचे कोणतेही तुकडे मिळाले तरी तो भाग परत उभा राहतो, ते याच गणिताच्या बळावर.

दुसरा धागा फाइल-देवाणघेवाणीचा. १९९९ मध्ये आलेल्या नॅपस्टरवर गाणी वापरकर्त्यांच्या संगणकांवर असत, पण कोणते गाणे कोणाकडे आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. न्यायालयीन आदेशांनंतर २००१ मध्ये ती बंद झाली आणि सेवाही संपली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठातील पेतार मायमुन्कोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी कॅडेम्लिया ही रचना मांडली. तिच्यात ही यादीच सहभागी संगणकांमध्ये वाटून दिलेली असते. २००१ मध्ये आलेल्या बिटटोरंटने मोठ्या फाइलींची देवाणघेवाण सोपी केली. तरीही एक उणीव उरलीच. लोकांना हवी असते तोवरच फाइल टिकते, आणि मागणी ओसरली की ती जपण्याचे कोणालाही कारण राहत नाही. अभिलेखागारात जपण्याजोगी माहिती तर बहुतेक अशीच, क्वचित मागितली जाणारी असते.

जपणाऱ्याला मोबदला द्यावा हे उत्तर उघड होते, आणि मध्यस्थाविना पैसे पोहोचवण्याची सोय २००९ मध्ये बिटकॉइनने करून दिली. त्यानंतर २०१५ मध्ये सिया हे मोबदला देणारे साठवणुकीचे जाळे सुरू झाले. हुआन बेनेट यांनी त्याआधीच, २०१४ मध्ये, फाइलकॉइन या अशाच जाळ्याचा आराखडा प्रसिद्ध केला होता. त्यांच्याच प्रोटोकॉल लॅब्ज या कंपनीचे आयपीएफएस (फाइल तिच्या आशयावरून शोधण्याची रचना) २०१५ मध्ये लोकांपुढे आले आणि २०१७ मध्ये फाइलकॉइनच्या टोकनांच्या, म्हणजे जाळ्याच्या स्वतःच्या डिजिटल नाण्यांच्या, विक्रीतून सुमारे २५ कोटी डॉलर उभे राहिले.

पैसा द्यायचा म्हटले की फसवणुकीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या क्षेत्राचा खरा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरतो. साठवणूक करणारा माणूस डेटा न ठेवताच ठेवल्याचे सांगू शकतो, एकच प्रत ठेवून दहा प्रतींचे पैसे घेऊ शकतो, किंवा विचारणा झाली की दुसरीकडून आणून दाखवू शकतो. फाइलकॉइनने यावर काढलेला तोडगा खर्चिक होता. ३२ किंवा ६४ जिबिबाइटच्या (जिबिबाइट म्हणजे गीगाबाइटहून किंचित मोठे माप) विभागात भरलेला डेटा दीर्घ आणि मुद्दाम संथ ठेवलेल्या गणनेतून ‘सील’ केला जातो. त्यामुळे प्रत्येक प्रत वेगळी ठरते आणि ऐनवेळी नवी प्रत तयार करणे परवडत नाही. त्यानंतर प्रत्येक विभागाचा पुरावा दर २४ तासांतून एकदा, ठरलेल्या अर्ध्या तासाच्या मुदतीत साखळीवर, म्हणजे फाइलकॉइनच्या ब्लॉकचेनवर, द्यावा लागतो. ती मुदत चुकली की विभाग सदोष ठरतो, आणि सदोष राहिल्यास साठवणूक करणाऱ्याने तारण ठेवलेल्या टोकनांना कात्री लागते. डिस्क बिघडली की वीज गेली, ही सबब साखळी ऐकत नाही.

हे सारे कागदावर पटणारे होते, पण प्रत्यक्ष यंत्रांवर चालेल का हे पाहायला चाचणी-जाळे लागले. ते डिसेंबर २०१९ मध्ये उघडले. ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्पेस रेस’ स्पर्धेत जगभरच्या मायनरांनी (साठवणुकीची जागा पुरवणाऱ्यांनी) २०० पेबिबाइटहून (एक पेबिबाइट म्हणजे सुमारे दहा लाख जिबिबाइट) अधिक जागा जोडली आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुख्य जाळे सुरू झाले. सुरू होताच तारणाच्या अटींवरून मायनरांत नाराजी पसरली, कारण नवी जागा जोडायला टोकन तारण लागत होते आणि कमावलेली टोकने मात्र कित्येक महिन्यांत हळूहळू हाती येणार होती. अखेर मोबदल्याचा २५ टक्के भाग लगेच मोकळा करण्याचा बदल स्वीकारावा लागला. चाचणीत टोकनांना किंमत नसते, म्हणून अशा अडचणी तिथे पूर्णपणे दिसत नाहीत.

पुढची अडचण अधिक मूलभूत होती. जागा झपाट्याने वाढली, पण तिचा फार मोठा भाग कोणाच्याच उपयोगाचा नसलेल्या, निव्वळ जागा भरण्यासाठी टाकलेल्या डेटाने व्यापलेला होता, कारण मोबदला जागा सिद्ध करण्याचा होता. क्षमतेचे आकडे पाहून अशा जाळ्याला परिपक्व म्हणणे मला पटत नाही. खऱ्या ग्राहकांच्या पडताळलेल्या डेटाला दहापट वजन देणारी ‘फाइलकॉइन प्लस’ योजना आली, तेव्हा वापर वाढला. पण ‘खरा डेटा’ कोणता हे ठरवायला माणसे नेमावी लागली आणि त्यांच्या निवाड्यावरून वाद झाले. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थेने सार्वजनिक संग्रहांच्या प्रती तिथे ठेवल्या, हे त्या काळातले ठोस काम.

उरला प्रश्न परत मिळण्याचा. सील केलेला डेटा मूळ रूपात आणायला तास लागू शकतात, म्हणून अनेक पुरवठादार सील न केलेली प्रतही शेजारी ठेवतात, आणि त्या दुसऱ्या प्रतीचा खर्च त्यांच्यावरच पडतो. २०२५ मध्ये मुख्य जाळ्यावर आलेल्या नव्या पुराव्यात सील करण्याची गरजच नाही : डेटा मूळ रूपात राहतो आणि त्यातले यादृच्छिक तुकडे मागून तपासणी होते. तो लगेच देता येतो. मात्र दोन पुरवठादारांकडे खरोखर दोन वेगळ्या प्रती आहेत, याची हमी हा पुरावा देत नाही.